पहिला आकडा

माझ्या गाईड मॅडमनी मला फसवलं, आणि मी माझ्या बाजाराला फसवलं. यातली पहिली गोष्ट मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना ऐकवली आहे. दुसरी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

फसवणूक मला ओळखू येते. बोटभर आखूड गजानं मोजलेलं कापड मी नुसतं हातात घेऊन सांगतो. ज्यानं मला कापडात फसवायचा प्रयत्न केला, त्याला मी भर गल्लीत उभा करून बोललो आहे, आणि पैठण गेटच्या आसपास माझ्या तोंडाला अजून माणसं टरकून असतात. पण मी फसलो तो कापडात नाही. मी फसलो सारंगीवर लिहिलेल्या एका लघुप्रबंधात. निळ्या कापडाच्या बांधणीत तो आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभा असेल. पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव आहे. आतला निष्कर्ष खोटा आहे.

माझा धंदा शहागंजात हातगाडीवर कटपीस विकून सुरू झाला. बापाचं दुकान नव्हतं, कुणाची शिफारस नव्हती. पुढं पैठण गेटजवळच्या गल्लीत सहा फुटी दुकान घेतलं. दुकानाच्या ओट्याला लागून एका रफूगर चाचांची बैठक होती. चाचा शालीला, शेरवानीला, कोटाला पडलेलं भोक असं विणून द्यायचे की भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. त्यांच्या डोक्यावर खिळ्याला एक ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. त्याचा आवाज माझ्या दुकानात येई आणि माझ्या भांडणांचा आवाज त्यांच्याकडं जाई.

त्या काळी कोणी मोठा पुढारी गेला की रेडिओवरची गाणी बंद व्हायची आणि दिवसभर सारंगी चालायची. तबला नाही, शब्द नाही, निवेदन नाही. अशीच एक दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. गल्लीत ऊन सरळ उभं उतरलेलं, त्यात कापडाची तूस तरंगतेय, आणि चाचांच्या ट्रान्झिस्टरमधून तो एकच एक लांब सूर येतोय. पैठणकडच्या एक बाई चोळीखण घ्यायला आल्या होत्या. एक खण त्यांनी उचलला आणि दोन बोटांत धरून नुसत्या बसून राहिल्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मीही काही बोललो नाही. मग त्यांनी मी सांगितला तो भाव चुकता केला, खण पिशवीत टाकला आणि निघून गेल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत पोचल्या असतील, तिथून पळत परत आल्या.

"अवं दुकानदार, भाव करायचा राह्यलाच की!"

"आता झाला व्यवहार, ताई."

"व्यवहार कसला? मी जाग्यावर नव्हते तवा!"

चाचा सुई थांबवून हसले. मी त्यांना थोडं परत केलं. आयुष्यात भांडण न करता मी तेवढंच दिलं. कारण बाई खरंच बोलत होत्या. त्या जाग्यावर नव्हत्या. मीही नव्हतो. मग आम्ही होतो कुठं? हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच. दुकान सांभाळून बाहेरून बी.ए. केलं ते त्या प्रश्नापायी, आणि पस्तिशी उलटल्यावर मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं तेही त्यापायीच.

विद्यापीठ म्हणजे माझ्यासाठी दुसरं गाव होतं. बस चढ चढून वर जायची, मागं डोंगर, डोंगरात लेणी, आणि विभागाच्या लांब ओसरीत कबुतरांचं घुमणं. गल्लीतून तिथं गेलं की कान मोकळे व्हायचे. संशोधन पद्धतीचा तास मॅडम घ्यायच्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. सुती साडी, हळू बोलणं, आणि खडूची धूळ झटकायची एक सवय. वर्गातली पोरं जांभया देत. मला मात्र तो तास म्हणजे आपल्याच धंद्याची गोष्ट कुणीतरी शुद्ध भाषेत सांगतंय असं वाटायचं. एक दिवस त्यांनी विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक विचारला. मी म्हणालो, "आखूड गज दहा वेळा लावला तरी दहाही वेळा तेवढंच माप दाखवतो. तो विश्वसनीय. पण माप खोटंच. वैध नाही."

मॅडमनी खडूची धूळ झटकली. "हे उदाहरण मी पुढच्या वर्षी वापरणार," म्हणाल्या.

संगीताच्या मानसशास्त्रावर ग्रंथालयात एकच जाड पुस्तक होतं, तेही इंग्रजी. मी डिक्शनरी घेऊन खिडकीपाशी बसायचो. अर्धं कळायचं, अर्धं डोंगराकडं बघता बघता विरून जायचं. त्यात एक गोष्ट होती: ऐकणारं मन पुढच्या सुराची वाट बघत असतं, आणि सूर यायला उशीर झाला की त्या वाट बघण्यातच काहीतरी होतं. मला सारंगी आठवली. ती 'सा'च्या जवळ येते, शिवत नाही, मागं फिरते. गिऱ्हाईक "नको" म्हणून उठतं आणि चार पावलांवर रेंगाळतं, अगदी तसं. म्हणजे मी वीस वर्षं जे करत होतो, ते कुणीतरी तारांवर करत होतं.

मॅडम गाईड व्हायला तयार झाल्या. विषय ठरला. बाजारातल्या माणसांना सारंगीचा एक आलाप ऐकवायचा, आणि तुलनेसाठी तेवढाच वेळ छताच्या पंख्याची घरघर. मग एकच प्रश्न: हे ऐकून मन किती निवलं? एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे पुरतं. जागा माझ्या दुकानामागची कापडाची खोली. मॅडमना आधी ती पटेना. मी त्यांना तिथं नेऊन दार लावलं. चारी भिंतींना छतापर्यंत गठ्ठे. गल्लीतला भोंगा, भांडणं, भाजीवाल्याची हाळी, सगळं कापडानं पिऊन टाकलेलं. मॅडम स्वतःचाच श्वास ऐकत उभ्या राहिल्या. "आमच्या प्रयोगशाळेत इतकी शांतता नाही," म्हणाल्या.

पहिले चाचाच बसले. हेडफोन घालताना टोपी काढावी की ठेवावी यावर थोडा विचार केला, मग काढून मांडीवर ठेवली. आलाप सुरू झाला. त्यांची बोटं मांडीवरच्या टोपीवर हळूहळू फिरू लागली, जणू तिथं एखादं भोक आहे. आलाप संपला.

"किती, चाचा?"

"तीन."

"तीन? डोळे मिटून एवढे बसलात, आणि तीन?"

"चलो, साडेतीन लिखो."

"साडेतीन नाही कागदावर. पाच तरी म्हणा."

"पाँच भौत होते. चार."

"चाचा, बोटं कशी फिरत होती ते मी बघितलंय."

ते हसले. "देख लिया? तो फिर छे. पर सात नक्को, सात तो अल्ला का."

मी सहा लिहिलं. दुसऱ्या दिवशी बांगडीवाल्या मावशी बसल्या, त्यांच्याशीही हेच झालं. मग वाळूजला पहिल्या पाळीवर जाणारा एक कामगार, मग आमच्याच गल्लीतला चहावाला. प्रत्येकजण खालून सुरुवात करायचा आणि मी वर ओढायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आकडा म्हटला की आमच्याकडं असंच होतं. माल आवडला हे चेहऱ्यावर दिसू दिलं की भाव गेला, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. कुणी पहिल्याच दमात "सहा" म्हणाला असता तर मला तो माणूस खुळा वाटला असता.

कागद बघून मॅडमचा चेहरा उतरला.

"तुम्ही लोकांशी घासाघीस केलीत?"

"केली नाही मॅडम, झाली."

"याला दाबून वदवून घेणं म्हणतात. हे सगळं रद्द."

"आमच्या बाजारात पहिला आकडा खरा नसतो."

"शास्त्रात पहिलाच धरतात."

"मग शास्त्राला आमच्या गल्लीत एकटं पाठवू नका. लुटतील."

त्या हसल्या. हसल्या म्हणून माझा चढलेला पारा उतरला, नाहीतर त्या दिवशीच सगळं संपलं असतं. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं, हे मला बसमध्ये उतारावर येताना कळलं. आकडा वर जात होता तो सारंगीनं की माझ्या तोंडानं, हे त्या कागदांवरून सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि आमचा सौदा झाला. मी सगळं नव्यानं करणार, नवी माणसं घेऊन. प्रश्न एकदाच विचारणार. पहिला आकडा पहिल्या रकान्यात. मग मी एक शब्द बोलणार नाही, आणि ऐकणाऱ्याला हवं तेवढं बसू देणार. त्यानं आपणहून आकडा बदलला तर तो दुसऱ्या रकान्यात. आलापालाही तसंच, पंख्यालाही तसंच. मॅडम म्हणाल्या, "दोन रकाने. मान्य." त्यांच्या तोंडचे शब्द आहेत.

गप्प बसणं मला जमत नाही. म्हणून तोंडात अख्खी सुपारी धरून बसायला लागलो. तो उन्हाळा मी सुपारीच्या चवीवर काढला.

त्या दुपारी आठवल्या की आजही माझा आवाज खाली येतो. खोलीत पांढरा उजेड, वरच्या झरोक्यातून गठ्ठ्यांवर पडलेला. एकेक माणूस यायचा, ऐकायचा, हेडफोन काढायचा, "दोन" म्हणायचा किंवा "तीन", आणि उठायचा नाही. समोर मी, गालात सुपारी. बाहेर बाजार चालू असल्याचं दोघांनाही माहीत असायचं आणि तो फार लांब असल्यासारखा वाटायचा. आणि त्या शांततेत आकडा आपोआप पिकायचा. वर्तमानपत्रं विकणाऱ्या एका आजोबांनी "एक" सांगितलं आणि नंतर इतका वेळ बसले की मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, "बहिणीचं गाव नदीकाठाला होतं. धरणात गेलं. तिथं संध्याकाळी असंच काहीतरी यायचं कानावर. पाणी म्हणा, वारा म्हणा." थोड्या वेळानं, "किती म्हणलो होतो मी? एक? खोडा ते." मी खोडलं नाही. शेजारच्या रकान्यात सात मांडले.

पंखा ऐकून मात्र माणसं आकडा सांगायची आणि उठून जायची. कुणी बसलं नाही, कुणी बदललं नाही. क्वचित एखाद्यानं आकडा उलट खाली आणला.

मला सापडलं होतं. ती बाई गल्लीच्या तोंडावरून पळत परत का आली, ते मी कागदावर धरलं होतं. पुढं कधी मी इतका सुखी झाल्याचं आठवत नाही, आणि मी पुढं दोन दुकानं आणि एक घर बांधलं आहे.

मग एक दिवस मॅडम तपासायला आल्या. चाचांनी ओट्यावरून मला हाक दिली, "सेठ, सम्हल के. आज बड़ी अदालत आई है." मॅडमनी कागद बघितले, टेप बघितली, आणि म्हणाल्या, "मलाही ऐकवा. तुम्ही पद्धत पाळता का ते मला बघू द्या." त्या गठ्ठ्यावर बसल्या. मी सुपारी तोंडात टाकली. आलाप संपला. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"दोन," म्हणाल्या.

मी लिहिलं. गप्प राहिलो. त्यांच्या हाताशी मलमलीचा एक पांढरा तुकडा पडला होता. तो त्यांनी उचलला आणि घडी घातली, मग घडीची घडी, मग तिचीही, तो मुठीत मावेल इतका लहान होईपर्यंत. मग पूर्ण उलगडला आणि पुन्हा सुरुवात केली. झरोक्यातला उजेड त्यांच्या पायाशी होता तो समोरच्या गठ्ठ्यांवर चढला. त्यांच्या डोळ्यांत काही होतं की नव्हतं, ते मी बघितलं नाही. नजर कागदावर ठेवायची, असा नियम त्यांनीच घालून दिला होता.

"सहा लिहा," त्या म्हणाल्या. मग उठल्या, साडी सारखी केली. "हा कागद मोजणीत धरू नका. मी गाईड आहे."

मी तो मोजणीत धरला नाही. पण फेकलाही नाही.

मी प्रबंध लिहून काढल्यावर मॅडमचा सूर बदलला. विभागात हसतील, म्हणाल्या. दोन रकान्यांची पद्धत कुठल्या पुस्तकात आहे? बाहेरचे परीक्षक पहिल्याच प्रश्नाला धरतील. पहिला रकाना ठेवू, दुसरा काढू. मी त्यांना विचारलं की मग निष्कर्ष काय राहतो? पहिल्या रकान्यात तर सारंगी आणि पंखा सारखेच. त्या म्हणाल्या, "फरक आढळला नाही, हाही निष्कर्षच असतो."

मग माझा आवाज चढला. ओसरीतली कबुतरं उडाली, दोन खोल्यांची दारं उघडली. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी मी मध्य काढला, जसा नेहमी काढतो. दुसरा रकाना मुख्य भागात नको तर परिशिष्टात द्या. वाचणाऱ्याला निदान दिसेल. त्या म्हणाल्या, "परिशिष्टात घालू. शब्द देते." आमच्याकडं शब्द दिला की चिठ्ठी करत नाहीत. मीही केली नाही.

मुदत जवळ आली होती. बांधणीला मीच टाकते, म्हणाल्या. माझी प्रत तोंडी परीक्षेच्या सकाळी माझ्या हातात पडली. मी कापडवाला माणूस. निळं कापड बोटांनी चाचपलं, विणीकडं बघितलं, डिंक नीट बसलाय का ते पाहिलं, सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला. आत उघडून बघितलं नाही.

परीक्षक साधे गृहस्थ होते. म्हणाले, "म्हणजे तुमच्या बाजारातल्या लोकांना सारंगी आणि पंखा यांत फरक जाणवला नाही. मजेशीर आहे. नाही का?"

मी शेवटची पानं उलटली. संदर्भसूची होती. तिच्यापुढं कोरा कागद आणि पुठ्ठा. मॅडम खिडकीतून डोंगराकडं बघत होत्या. मला शब्द सापडत नाहीत असं कधी होत नाही. पण त्या खोलीत पंखा फिरत होता, टेबलावर पदवी ठेवलेली असल्यासारखं मला दिसत होतं, आणि मी म्हणालो, "हो सर."

तो माझा पहिला आकडा होता. दुसऱ्यासाठी तिथं कुणी थांबलं नाही.

पेढे घेऊन चाचांकडं गेलो. त्यांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि निळं पुस्तक मांडीवर घेतलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. पानांवरून हात फिरवत विचारलं, "हमारे बारे में क्या लिखे इसमें?"

मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण त्या दिवशी एक बोलून झालं होतं.

"यानी हम पत्थर?" चाचा म्हणाले. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. मग पुस्तक पुसून माझ्या हातात दिलं आणि सुई उचलली. पुढं ते बरीच वर्षं माझ्या शेजारी बसले, रोज सलाम केला, पण सारंगीचा विषय त्यांनी परत काढला नाही. आता त्या ओट्यावर मोबाइलची कव्हरं मिळतात.

मॅडम एकदाच दुकानात आल्या, निवृत्त झाल्यावर. मलमल मागितली. मी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. घासाघीस करतील, शब्दाला शब्द लागेल, मग मी विचारीन, असं मनात होतं. त्यांनी पर्स उघडली, मी मागितले तेवढे दिले, आणि पुडकं घेऊन गल्लीतून हळूहळू चालत गेल्या. मी गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्या परत आल्या नाहीत.

मॅडम, तुमचा कागद माझ्यापाशी आहे. दोन रकाने, दोन आकडे, माझं अक्षर, तुमचं तोंड. माझ्या बाजाराला तुम्ही पुस्तकात दगड करून ठेवलंत, आणि मी "हो सर" म्हणून त्यावर शिक्का मारला. माझ्या वाट्याचं मी इथं लिहून दिलं. आता तुमच्या वाट्याचं तुम्ही द्या. परिशिष्ट कुणी काढलं आणि का, ते सांगा. आणि त्या दुपारी गठ्ठ्यावर बसून सांगितलेल्या दोहोंपैकी तुमचा खरा आकडा कुठला होता, तेही सांगा. दोन की सहा? घाई नाही. हवं तेवढं बसा. मी तोंडात सुपारी धरली आहे.